पोच घेतली का?

वाचकांचे प्रश्न: समुपदेशन आणि सुपरव्हिजन

(या सदराच्या लेखिकेने नागपुरात अनेक वर्षं समाजकार्य शिकवलं, आता त्या तरुण समुपदेशकांचं सुपरव्हिजन करतात, म्हणजे त्यांच्या केसेस ऐकून त्यांना कामात मार्गदर्शन करतात. पत्रांतले ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मॅडम, मी नागपुरातल्या एका फार्मसी कॉलेजात समुपदेशक आहे, अकरा महिन्यांच्या करारावर. दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा माझ्याकडे येतो, गडचिरोली जिल्ह्यातला. झोप नाही, छातीत धडधड, मेसचं जेवण जात नाही. मी श्वासाचे व्यायाम दिले, झोपेची वही ठेवायला लावली. तिसऱ्या भेटीत कळलं की त्याची जमातीची व्हॅलिडिटी, म्हणजे जमातीचा दावा खरा असल्याचं प्रमाणपत्र, पडताळणी समितीकडे अडकली आहे, म्हणून शिष्यवृत्ती थांबली आहे, आणि फी भरल्याशिवाय हॉल तिकीट नाही असं ऑफिसात सांगितलंय. माझ्या सुपरव्हायझर म्हणाल्या, "हे आपलं काम नाही. त्याला क्लार्ककडे पाठव, तू फक्त अँग्झायटीवर काम कर. उगाच ॲक्टिव्हिस्ट होऊ नकोस." माझा वार्षिक अहवाल त्याच लिहितात. काय करू? (नाव छापू नये)

तुमच्या पत्रात सगळ्यांची मतं आहेत. तुमचं आहे, सुपरव्हायझरबाईंचं आहे, ऑफिसचं आहे. त्या मुलाचं कुठे आहे? ऑफिसात कुणी जावं, की कुणीच जाऊ नये, हे त्याला विचारलंत का? पुढचं सगळं त्यावर ठरणार, म्हणून आधी ते.

श्वासाचे व्यायाम वाया गेले असं मी म्हणणार नाही. छाती धडधडत असताना ऑफिसच्या खिडकीशी उभं राहून दोन वाक्यंही नीट बोलता येत नाहीत. पण धडधड कशाने होते ते बाजूला ठेवून नुसता श्वास मोजायला लावला, की मुलगा घरी जाताना एवढंच घेऊन जातो की आपल्यातच काहीतरी बिघडलंय.

व्हॅलिडिटीचं प्रकरण विदर्भात काम करणाऱ्या समुपदेशकाला ठाऊक असायलाच हवं, आणि त्याच्या सुपरव्हायझरला तर आधी. जमातीचा दावा असेल तर ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा सगळ्यात वजनदार धरतात. अनुसूचित जातींसाठी ती तारीख १० ऑगस्ट १९५०. म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, नाहीतर कोतवाल पंजीची (गावातल्या जन्म-मृत्यूंच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल. ज्याचे आजोबा शाळेची पायरीच चढले नाहीत त्याने काय आणायचं? मग प्रकरण दक्षता पथकाकडे जातं. पथक गावात चौकशी करतं, नातेवाइकांचे जबाब घेतं. कुळदैवत कोणतं, लग्नात काय काय विधी करता, बोली येते का, हेही विचारतात. तिला ॲफिनिटी टेस्ट म्हणतात. ही चाचणी म्हणजे शेवटचा निकाल मानता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये सांगितलं. पण पुराव्यातला एक भाग म्हणून ती आहेच.

आता त्या मुलाकडे पाहा. शिकायला म्हणून तालुक्याच्या वसतिगृहात गेला, तिथे चिडवतात म्हणून बोली सोडली, फार्मसीची इंग्रजी पुस्तकं कशीबशी पाठ केली. आणि ऐन परीक्षेत त्याला विचारणार, बोली येते का रे? झोप कुठून येईल? तुमच्या केसपेपरवर याची नोंद "आत्मविश्वास कमी" अशी झाली असेल तर ती आधी खोडा.

"हे आपलं काम नाही" हा वाद जुना आहे. फ्रान्झ फॅनन नावाचा मनोविकारतज्ज्ञ अल्जीरियात ब्लिडाच्या मनोरुग्णालयात १९५३ पासून काम करत होता. फ्रेंच अमलाखालचा अरब माणूस स्वतःच्याच देशात कायमचा परका करून ठेवलाय, अशा ठिकाणी मी कुणाला कशाशी जुळवून घ्यायला शिकवू, अशा अर्थाचं पत्र लिहून त्याने १९५६ साली राजीनामा दिला. (आपल्या दीक्षाभूमीचंही तेच साल. निव्वळ योगायोग, पण वर्गात फळ्यावर १९५६ लिहिलं की नागपूरची पोरं लगेच मान वर करतात, मग फॅनन सांगायला सोपा जातो.) तुम्ही राजीनामा देऊ नका. अकरा महिन्यांच्या करारावर राजीनाम्याला कोण विचारतो!

तरीही तुमच्या सुपरव्हायझर अर्ध्या बरोबर आहेत, आणि तो अर्धा भाग मी सोडणार नाही. समुपदेशक तावातावाने ऑफिसात गेला, प्राचार्यांशी वाजलं, आणि त्या धांदलीत मुलाचं नाव, जमात, चालू असलेल्या गोळ्या, सगळं कॉलेजभर झालं, हे मी पाहिलेलं आहे. मुलाने दुसऱ्या दिवशी गाव गाठलं. समुपदेशकाला मात्र आपण लढलो असं वाटत होतं.

अमेरिकन कौन्सेलिंग असोसिएशनने २००३ साली समुपदेशकाला ॲडव्होकसीसाठी, म्हणजे क्लायंटच्या हक्कांसाठी उभं राहायला, काय काय यायला हवं ते ठरवलं, २०१८ मध्ये त्यात सुधारणा केली. त्यातली एक विभागणी मला फार कामाची वाटते. काम तीन पातळ्यांवर होतं: एका माणसासाठी, संस्थेत किंवा वस्तीत, आणि सार्वजनिक पातळीवर. प्रत्येक ठिकाणी ते दोन रीतींनी करता येतं, माणसाच्या सोबतीने किंवा त्याच्या वतीने. तुमच्या मुलाचं उदाहरण घ्या. त्याने स्वतः अर्ज लिहावा आणि तुम्ही शेजारी बसून वाक्यं नीट करावीत, ही सोबत. त्याच्या लेखी परवानगीने तुम्ही प्राचार्यांना पत्र द्यावं की परीक्षा हुकल्यास प्रकृती आणखी बिघडेल, हे त्याच्या वतीने. अशी किती मुलं आपल्याकडे येतात, हे कुणाचंही नाव न घेता परीक्षेच्या आधी कॉलेजच्या बैठकीत मांडणं ही संस्थेची पातळी. आदिवासी विकास विभागाला निवेदन, वर्तमानपत्र, आमदार ही सगळी त्याच्या पुढची. तिथे करारावरच्या माणसाने एकट्याने जाऊ नये. बहुतेक वेळा पहिल्या पातळीवरच बरंच काम होतं, कारण ते आजवर कुणी नीट केलेलंच नसतं.

आणि हे शिकायची जागा म्हणजे सुपरव्हिजनचा तास. पुस्तकातून हे येत नाही. आमच्या गटात मी खिडकीपलीकडचा बाबू होते आणि समुपदेशक मुलगा होतो.

"साहेब नाहीत."

"कधी येतील?"

"सांगता येत नाही. उद्या पाहा."

इथे निम्मे लोक "बरं" म्हणून परत फिरतात, उरलेले आवाज चढवतात. दोन्हीने काम होत नाही. "सर, साहेब नसले तरी अर्ज आवकमध्ये घ्या आणि माझ्या प्रतीवर पोच द्या" हे वाक्य साध्या आवाजात, न अडखळता तोंडात बसेपर्यंत आम्ही ते करतो. अर्जाच्या दोन प्रती, पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पावती जोडलेली, तारीख घातलेली. गटातली मुलं माझी नक्कल करतात, भेटल्या भेटल्या "पोच घेतली का?" करतात. करू देत. पोच घेतली की मुलाच्या हातात शिक्का असलेला कागद येतो, आणि पुढच्या खेपेला बोलायला सुरुवात कुठून करायची ते ठरतं.

मग मी बाबूच्या आवाजात मोठ्याने विचारते, "कोणत्या कॅटेगरीतला आहेस रे?" मागे रांग आहे, रांगेत त्याचे वर्गमित्र आहेत. बोलता बोलता समुपदेशक इथे थबकतो. काहींचे कान लाल होतात. त्या थबकण्यावर आम्ही जितका वेळ बोलतो तितका उरलेल्या सगळ्यावर बोलत नाही. मुलाला तिथे काय होत असेल? तुम्हाला आत्ता काय झालं? त्याने सगळ्यांसमोर जमात सांगावी अशी तुमची अपेक्षा आहे का, आणि ती कशावरून? यातून कधी एवढंच निघतं की मुलाला रांगेत उभंच राहायचं नाही, बंद पाकिटात अर्ज द्यायचा आहे. चालेल की! निर्णय त्याचा.

आता तुमच्या अहवालाचं. जॅनिन बर्नार्ड यांनी १९७९ साली सुपरव्हायझरच्या तीन भूमिका मांडल्या: शिक्षक, समुपदेशक, सल्लागार. आपल्याकडे चौथी न मागता चिकटते, साहेबाची. शिकवणारा आणि गोपनीय अहवाल लिहिणारा एकच असला की शिकणारा पडलेल्या केसेस सांगतच नाही, फक्त जमलेल्या सांगतो. तुम्ही त्यांच्याशी तत्त्वाचा वाद घालू नका. केस मांडताना लक्षणांच्या खाली एक ओळ वाढवा: "लक्षणांशी जोडलेली बाहेरची अडचण, त्यावर क्लायंटला काय हवंय, झालेली कृती." आणि विचारा, "अर्ज लिहायला मदत करणं माझ्या भूमिकेत बसतं का?" एवढ्या नेमक्या प्रश्नाला "ॲक्टिव्हिस्ट होऊ नकोस" हे उत्तर देता येत नाही. शिवाय कॉलेजबाहेर चार-पाच समुपदेशकांचा गट धरा, महिन्यातून एकदा भेटा, नावं न घेता केस मांडा. तिथे तुमचा अहवाल कुणी लिहीत नाही.

मी महिलांच्या समुपदेशन केंद्रात सुपरव्हायझर आहे. माझी एक प्रशिक्षणार्थी हुशार आहे, मनाने चांगली आहे. ती म्हणते, "मॅम, मी जात पाहतच नाही. माझ्यासाठी सगळी माणसं सारखी." परवा निरीक्षणाला मी बसले होते. एक बाई आत आल्या, "जयभीम" म्हणाल्या. हिने "नमस्कार, बसा" म्हटलं. बाई पुढे जेवढ्यास तेवढं बोलल्या. मला हिला भाषण द्यावंसं वाटत नाही, आणि मी स्वतः खुल्या वर्गातली असल्याने जरा अवघडल्यासारखंही होतं. (हिंगणा रोड, नागपूर)

भाषण नकोच. भाषणाने माणूस पुढच्या वेळी योग्य शब्द वापरतो आणि आतून आहे तिथेच राहतो.

त्याच क्षणाकडे परत जा. बाई काय म्हणाल्या, तू काय म्हणालीस, आणि त्या दोन सेकंदांत तुला काय झालं? तिसऱ्या प्रश्नावर थांबा, तिला शोधू द्या. माझ्या अनुभवात इथे तुच्छता क्वचित निघते. बहुतेक वेळा निघते ती भीती: मी जयभीम म्हटलं तर खोटं वाटेल, त्या म्हणतील ही कशाला म्हणतेय. मी पाचपावलीत वाढले. नवीन माणसाला जयभीम घालून तो काय करतो ते बघणं आमच्या गल्लीतली शेंबडी पोरंही करत. त्या बाईंनीही बघितलं. तुमच्या प्रशिक्षणार्थीला म्हणा, जयभीमला जयभीम म्हणून बघ. पहिल्यांदा जीभ अडेल. आणि पुढच्या भेटीत बाईंना सरळ सांगता येतं, "मागच्या वेळी तुम्ही जयभीम म्हणालात आणि मी नुसतं नमस्कार केलं, तुम्हाला कसं वाटलं?" यातून जे बोलणं सुरू होतं ते अनेकदा खरं समुपदेशन असतं.

"जात पाहत नाही" म्हणणाऱ्याचं नुकसान केसपेपरवर दिसतं, तिथेच दाखवा. आंतरजातीय लग्न झालेली मुलगी येते, सांगते की सासू तिच्या हातचं पाणी घेत नाही, देवघराशी जाऊ देत नाही. प्रशिक्षणार्थी लिहिते: "सासू-सून तणाव, संवादकौशल्यावर काम करणे." आता संवाद सुधारून सासू पाणी पिणार आहे का? घरात असा मानसिक छळ होत असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत. चारचौघांत जातीवरून अपमान झाला असेल तर १९८९ चा ॲट्रॉसिटीचा कायदा आहे. मुलगी यातलं काही करेल किंवा करणार नाही, पण तिला हे मार्ग आहेत एवढं तरी माहीत व्हायला हवं, आणि ते सांगणारीच्या लक्षात जात आली नाही तर ती सांगणार कशी? "मानसिक आरोग्यात जात कशाला" असं कुणी वर म्हणालंच, तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम २१ उघडून ठेवा. भेदभाव ज्या कारणांनी करता येणार नाही त्या यादीत जात स्पष्ट लिहिलेली आहे.

तुमच्या अवघडण्याबद्दल. २०१५ साली अमेरिकेत समुपदेशकांसाठी बहुसांस्कृतिकता आणि सामाजिक न्याय यांचा एकत्र आराखडा स्वीकारला गेला. त्यात चार खाने आहेत: समुपदेशक वरचढ किंवा दबलेल्या गटातला, क्लायंट वरचढ किंवा दबलेल्या गटातला. आराखडा तिकडचा, पण खाने आपल्याकडेही भरता येतात, आणि माणूस एकाच खान्यात बसून राहत नाही. तुमची प्रशिक्षणार्थी जातीने वरचढ असेल. तिच्यासमोर साठीचे, गावात वजन असलेले काका नवऱ्यामुलाकडून बोलायला आले की ती पोरगी ठरते. सुपरव्हिजनमध्ये आधी तुम्ही तुमचा खाना भरा, तिच्यासमोर. "मी खुल्या वर्गातली आहे, जातीबद्दल बोलताना माझी जीभ जड होते" हे तुम्ही म्हणालात तर तिला तिचं म्हणता येईल.

आणि एक कराच. गटात एखादी बौद्ध किंवा आदिवासी मुलगी असेल तर जातीचा विषय निघाला की तिच्याकडे माना वळतात, "तू सांग ना, तुमच्यात कसं असतं?" ती तिथे शिकायला आलेली आहे, इतरांना शिकवायला नाही. त्या माना तुम्ही परत फिरवायच्या.

ताई, मी एका संस्थेत फिल्डवर कौन्सेलर आहो. डिसेंबरात अधिवेशन हाय. आमचे सर म्हणून राहिले का तुझ्या केसमधल्या बाया मोर्चाले घेऊन ये, हेच खरं सोशल जस्टिस. मले पटते बी आन पटत बी नाही. (वाडी)

आणू नका.

तुमच्यापाशी मन मोकळं केलेली बाई तुम्हाला नाही म्हणू शकत नाही. तिचा होकार हा होकार नसतो. मोर्चा मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडवतात, तिथे कॅमेरे असतात, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो, आणि जिने नवऱ्याला न सांगता तुमच्याकडे यायला सुरुवात केली तिच्या घरी तो पेपर पोहोचतो. गर्दीचं म्हणाल तर २३ नोव्हेंबर १९९४ ला याच शहरात अधिवेशनावर आलेल्या मोर्च्यात चेंगराचेंगरी होऊन गोवारी समाजाची ११४ माणसं मेली. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे. बाया "आण" म्हणणाऱ्या सरांनी त्यांना सुखरूप घरी सोडायची जबाबदारी कुणाची, तेही सांगावं.

तुम्ही नागरिक म्हणून जरूर जा. मोर्च्याचं पत्रक केंद्राच्या भिंतीवर लावा, सगळ्यांना दिसेल असं. एखादी बाई आपणहून म्हणाली की मला यायचंय, तर बसून बोला: कोण बघेल, घरी काय सांगशील, परत कशी येशील. हा प्रसंग सरांशी बोलायच्या आधी सुपरव्हिजनमध्ये मांडा, म्हणजे नकार तुमच्या एकट्याचा राहणार नाही.

मर्जीचा हा नियम एका ठिकाणी मात्र लागू होत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. घरचे नको म्हणाले तरीही. न कळवणं हाच गुन्हा धरतात. अशा वेळी शनिवारच्या सुपरव्हिजनची वाट पाहू नका, त्याच दिवशी फोन करा, आणि मुलाला व आईला पुढे काय होणार ते आधी समजावून सांगा.

आमच्या केंद्रात फक्त सेशन मोजतात. संरक्षण अधिकाऱ्यांना फोन, तहसीलला जाणं, पत्रं लिहिणं हे कशातच धरत नाहीत. मी ते सुटीच्या दिवशी करते. सुपरव्हायझर म्हणतात, "तुझ्या आवडीचं काम आहे, कर." (भंडारा)

सुटीच्या दिवशी करणं थांबवा. तुम्ही पदरचा वेळ घालता तोवर हे काम अस्तित्वातच नाही असं धरून केंद्राचा कारभार चालत राहील, आणि तुमच्या जागी येणारी मुलगी ते करणार नाही.

रजिस्टरात सेशनच्या शेजारी एक रकाना आखा. कुणाशी बोलणं झालं, काय ठरलं, पुढची तारीख, क्लायंटला कळवलं का. "१२ तारीख. संरक्षण अधिकाऱ्यांना फोन. घटनेचा अहवाल भरून झाला का विचारलं, गुरुवारी बोलावलं आहे. क्लायंटला सांगितलं, ती स्वतः जाणार." एवढंच. आजाराचं, घरातलं काही तिथे लिहू नका, ते केसपेपरवर. सुपरव्हिजनला रजिस्टर घेऊन बसा आणि त्यातल्या एका नोंदीवर तरी चर्चा मागा, जशी सेशनवर होते तशी. एक तिमाही झाली की तो रकाना पुढच्या वर्षाचा निधीचा प्रस्ताव लिहिणाऱ्या माणसाला दाखवा, आणि प्रवासखर्चाचं वेगळं हेड मागा. मागणी लेखी द्या आणि त्याची पोच घ्या.